तासभर गप्प बसणाऱ्या कोरसच्या बाजूने

आमच्या कॉयरमधल्या एका टेनर पोराचा गेल्या महिन्यात मेसेज आला. "अंकल, माहलरची सेकंड सिंफनी ऐकायचीय. ॲपमध्ये ढीगभर निघतात. कुठली लावू?" मी लिहिलं, झुबिन मेहता कंडक्टर आहेत ती. तो म्हणाला, का? म्हटलं, लिहून पाठवतो. लिहायला बसलो आणि ते लांबत गेलं, म्हणून आता सगळ्यांसाठीच टाकतो.

आधी माझी लायकी सांगून टाकतो. वसईजवळच्या एका गावच्या चर्चमध्ये एकतीस वर्षं कॉयरमध्ये बेस, म्हणजे सगळ्यात खालचा आवाज, गातोय. नोकरी चर्चगेटला. पियानो येत नाही. नोटेशन वाचता येतं, पण डोळा जातो तो बेसच्या ओळीवर. वरच्या तीन ओळी शेजारच्या घरातल्या भांडणासारख्या, ऐकू येतात पण आपला संबंध नाही. तेव्हा खाली जे काही आहे ते शेवटच्या रांगेत उभं राहणाऱ्या माणसाचं मत आहे. व्हायोलिनवाल्यांनी आपला वेगळा माणूस शोधावा.

गुस्ताव माहलरच्या दुसऱ्या सिंफनीला 'पुनरुत्थान' म्हणतात. पाच भाग, ऐंशी ते पंच्याण्णव मिनिटं. दहा हॉर्न, आठ-दहा ट्रम्पेट, ऑर्गन, घंटा, दोन गायिका आणि मोठा कोरस. पहिला भाग १८८८ मध्येच लिहून झाला होता, पण पुढे गाडी अडली, शेवट काही सुचेना. तो भाग माहलरने हान्स फोन ब्यूलो या त्या काळच्या बड्या कंडक्टरला पियानोवर वाजवून दाखवला. ब्यूलोने कानांवर हात ठेवले, आणि याच्यापुढे वाग्नरचा वादळी ऑपेरा 'ट्रिस्टान' म्हणजे हायडनची जुन्या वळणाची शांत सिंफनी वाटेल, अशा अर्थाचं काहीतरी ऐकवलं. १८९४ मध्ये ब्यूलो वारला. हॅम्बुर्गच्या चर्चमध्ये त्याच्या मयताला जर्मन कवी क्लॉपस्टॉकचं 'आउफरश्टेन' हे गीत गायलं गेलं. आउफरश्टेन म्हणजे पुन्हा उठणं. माहलर तिथे बसला होता आणि अंगावर वीज पडावी तसा त्याला शेवट सापडला. कान झाकणाऱ्याच्याच मयताने सिंफनी पुरी करून दिली. १३ डिसेंबर १८९५ला बर्लिनमध्ये ती प्रथमच सबंध वाजली, कंडक्टर स्वतः माहलर.

आता कोरसचं बघा. पहिले चार भाग कोरसला कामच नाही. पाचव्या भागाची पहिली अठरा-वीस मिनिटंही नाही. म्हणजे तासाहून जास्त वेळ शे-दीडशे माणसं लोकांसमोर हलायचं नाही, खोकायचं नाही, पाणी प्यायचं नाही अशी बसलेली. मग स्टेजच्या बाहेरून, लांबून, ट्रम्पेट आणि हॉर्न हाका मारतात. मध्येच बासरी आणि पिकोलो पाखरासारखी बोलतात. सगळं विरतं. आणि त्या शांततेत, एकाही वाद्याच्या आधाराशिवाय, कोरस सुरू होतो, जेमतेम कानाला लागेल इतक्या हळू. छापील पानावर तीन 'पी' लिहिलेले आहेत; एक 'पी' म्हणजे हळू, तीन म्हणजे हळूहून हळू. पुष्कळ कंडक्टर इथे कोरसला उभंही करत नाहीत, बसूनच गायला लावतात, कारण दीडशे माणसं उठली तर खुर्च्या बोलतात.

ज्यांनी कधी कॉयरमध्ये गायलं नाही त्यांना वाटतं हळू गाणं सोपं. अहो, जोरात गाताना चूक शेजाऱ्याच्या आवाजात बुडते. हळू गाताना श्वास पुरत नाही, सूर खाली घसरतो आणि कोण आधी सुटला ते पहिल्या बाकापर्यंत कळतं. त्यात कोरसचा पहिला शब्द तोच, 'आउफरश्टेन', 'आ'ने सुरू होतो. 'प' किंवा 'म' असता तर ओठ मिटून एकत्र उघडता आले असते. 'आ'ला लपायला जागाच नाही. आणि पुढे 'र्श्ट' आहे. तो सगळ्यांच्या तोंडून एकदम सुटला नाही तर तेलात मोहरी टाकल्यासारखा तडतडतो. शिवाय दुसऱ्या बेसना, म्हणजे बेसमधल्याही खालच्या आवाजांना, माहलर खाली बी-फ्लॅटपर्यंत नेतो. आमच्या कॉयरमध्ये तो सूर लागणारा एकच गडी होता, तोही सर्दी झाल्यावर.

ईस्टरच्या आदल्या, पवित्र शनिवारच्या रात्री दिवे मालवलेले असताना आम्ही पहिलं गीत धरतो तेव्हा माझ्या तळहाताला अजून घाम येतो. तेही ऑर्गनचा सूर कानात असताना. म्हणून मी या सिंफनीचं कुठलंही रेकॉर्डिंग आधी तिथूनच तपासतो. 'आ' कसा सुटतो आणि 'र्श्ट' तडतडतो का. बाकीचं नंतर.

आता झुबिन मेहता. व्हिएन्ना फिलहार्मोनिक, १९७५, डेक्का कंपनी, व्हिएन्नातला सोफिएनझाल. गायिका इलियाना कोत्रुबाश आणि क्रिस्टा लुडविग. कोरस व्हिएन्नाच्या ऑपेराचा. मला ही आमच्या जुन्या कॉयरमास्तरांनी कॅसेटवर भरून दिली होती. कॅसेटची बाजू संपायची ती नेमकी तिसऱ्या भागाच्या मधोमध, त्यामुळे पुढे कित्येक वर्षं मला तिथे 'खट्' असा आवाज अपेक्षित असायचा. नंतर काळा घोड्याच्या ऱ्हिदम हाऊसमध्ये सीडी मिळाली. ते दुकान २०१६ मध्ये बंद झालं, सीडी अजून चालते.

मुंबईत जन्मलेला माणूस म्हणून मी मेहतांची बाजू घेतोय असं वाटेल. थोडं तसंही असेल. पण एक गोष्ट सांगतो. पन्नाशीच्या दशकात मेहता व्हिएन्नात शिकत होते तेव्हा मोठ्या कंडक्टरांच्या तालमी त्यांना बघायच्या असत, आणि तालमीला बाहेरच्यांना प्रवेश नसे. तेव्हा ते आणि त्यांच्याबरोबर शिकणारा क्लाउदिओ अब्बादो, दोघांनी शक्कल लढवली. तिथल्या मोठ्या कोरसमध्ये नाव घातलं, बेसमध्ये. कंडक्टर सगळ्यांना पाठमोरा दिसतो, कोरसला तोंडासमोर दिसतो. म्हणजे हे दोघे आमच्यातले, मागच्या रांगेतले! हे मला पुष्कळ उशिरा कळलं आणि कळल्यावर अजिबात नवल वाटलं नाही. त्या रेकॉर्डिंगमध्ये कोरसला घाई नाही. 'आ' कुठे सुरू झाला ते बोट ठेवून दाखवता येत नाही; खोलीत कुणीतरी आधीपासूनच बसलेलं असावं आणि आपलं लक्ष आत्ता गेलं असावं, तसा तो येतो. बेस जमिनीतून येतात. मग त्यातून कोत्रुबाशचा आवाज सुटा होतो. माहलरने सोप्रानोला, म्हणजे वरच्या पट्टीच्या गायिकेला, बजावून ठेवलंय की कोरसमधून जराही पुढे यायचं नाही, पण बहुतेक बायांना ते जमत नाही. मोठं नाव, मोठं मानधन, त्या पहिल्या सुरापासून आपली ओळख देतात. कोत्रुबाश दोन-तीन सुरांपर्यंत कोरसमधलीच एक वाटते, आणि वर गेल्यावर कळतं की अरेच्चा, ही वेगळी आहे.

दोष आहेतच. पहिला भाग इतका तगडा वाजवलाय की शोकाला बसायला उसंत मिळत नाही. व्हिएन्नाचे ब्रासवाले, म्हणजे ट्रम्पेट-हॉर्नवाले, अंगात आल्यासारखे वाजवतात, आणि डेक्काच्या इंजिनिअरांनी ते आपल्या मांडीवर आणून ठेवलेत. बायको पहिल्यांदा ऐकून स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, दार लावा, लोक समजतील आपल्याकडे भांडण चाललंय." पण घरात एकच ठेवायची असेल तर मी हीच ठेवीन.

कंडक्टर ओटो क्लेम्पररची गोष्ट वेगळी. फिलहार्मोनिया ऑर्केस्ट्रा, लंडन, १९६१-६२, ईएमआय कंपनी. १९०५ मध्ये बर्लिनमध्ये ओस्कार फ्रीड या कंडक्टरने ही सिंफनी केली तेव्हा वीस वर्षांच्या क्लेम्पररकडे स्टेजबाहेरच्या वाद्यांचं काम होतं. माहलर तालमीला आला होता आणि बाहेरचं वाजणं त्याला फार मोठं वाटलं. पुढे क्लेम्पररने याच सिंफनीतला एक भाग माहलरला पियानोवर पाठ वाजवून दाखवला आणि शिफारशीचे दोन शब्द माहलरच्या व्हिजिटिंग कार्डावर लिहून घेतले. ते कार्ड त्याने जन्मभर जपलं. इतक्या जवळच्या माणसाचं रेकॉर्डिंग म्हणजे गहिवर असणार असं वाटतं, तर म्हातारा कोरडा ठणठणीत! डोळ्यांत पाणी नाही, उगाच रेंगाळणं नाही. एकोणऐंशी मिनिटांत सगळं आटोपतं, एका सीडीत. आमच्याकडे काही म्हातारी माणसं मयताला येतात, रडत नाहीत, पण खड्डा नीट खणलाय का, फुलं आली का, घरच्यांनी चहा घेतला का, सगळं बघतात. तसं हे.

त्याचा कोरस विल्हेल्म पिट्झने तयार केलेला, आणि माझ्या मते या यादीतला सगळ्यात शिस्तीचा. 'र्श्ट' एकदम, सुरी मारल्यासारखा. पण पहिला 'आ' मला हवा तितका हळू नाही. ऐकू येतो, स्पष्ट येतो. ट्रेनमध्ये हा दोष गुण होतो, त्याबद्दल पुढे. सोप्रानो एलिझाबेथ श्वार्ट्सकॉफ. ती कोरसमधून येते तेव्हा कळतंच की ती श्वार्ट्सकॉफ आहे.

लेनर्ड बर्नस्टाईनने ही सिंफनी एकाहून अधिक वेळा रेकॉर्ड केली. लोक १९८७चं न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं डोक्यावर घेतात. मी तीन वेळा ऐकलं, तिन्ही वेळा थकलो. नव्वदीच्या पुढे जातं. प्रत्येक ठिकाणी थांबून आपल्याला विचारतो, लागलं का? आता लागलं का? पण चौथा भाग मात्र कुणीही ऐकावाच. त्यात एकच गायिका आहे. 'उरलिश्ट', आदिम प्रकाश. पाचेक मिनिटांचं साधं लोकगीतासारखं गाणं: मी देवापासून आलो, देवाकडेच परत जाणार. मेहताकडे ते क्रिस्टा लुडविगने गायलं तेव्हा ती शेहेचाळीस वर्षांची होती. बर्नस्टाईनकडे पुन्हा तीच, आता एकोणसाठ. दोन्ही लागोपाठ लावून बघा. पहिल्यात 'ओ र्‍योसशन रोट' हे पहिले तीन शब्द साईसारखे येतात, आवाज भरलेला, श्वासाला तोटा नाही. दुसऱ्यात श्वास दिसतो. एक-दोन जागी सूर धरून ठेवताना कडेला किंचित झिजल्यासारखा वाटतो. आणि देवाकडे परत जायची भाषा त्या दुसऱ्या आवाजाला जास्त शोभते. माझी आई शेवटच्या वर्षी जपमाळ म्हणायची तेव्हा तिचा आवाज असाच मध्ये मध्ये विरायचा. बर्नस्टाईनने तिला वेळ दिलाय, तिथे त्याला शंभर गुन्हे माफ.

कोरस त्याचा वेस्टमिन्स्टर क्वायर, अमेरिकेचा. गंमत म्हणजे १९५७-५८ मध्ये ब्रूनो वॉल्टरने न्यूयॉर्कलाच केलेल्या रेकॉर्डिंगमध्येही हाच कोरस होता. तीस वर्षांत माणसं अर्थात बदलली. वॉल्टर हॅम्बुर्गमध्ये माहलरच्या हाताखाली काम केलेला माणूस. त्याचं सगळं कसं उबदार, आजोबांनी गोष्ट सांगावी तसं. दुसरा भाग त्याच्याइतका गोड कुणी वाजवला नाही. शेवटी मात्र कबरी उघडण्याऐवजी खिडक्या उघडल्यासारखं वाटतं.

सायमन रॅटल, बर्मिंगहॅम, १९८६. यावर त्या वेळी बक्षिसांचा पाऊस पडला. जॅनेट बेकरचं 'उरलिश्ट' सुंदर आहे. कोरस फारच हळू येतो, अगदी माहलरने लिहिलंय तसा. अडचण अशी की तो ऐकू यावा म्हणून तुम्ही आवाज वाढवता, मग शेवटी ऑर्गन आणि घंटा आल्या की शेजारी येतात. पाचव्या भागात तालवाद्यांची लाट दोनदा शून्यापासून चढत जाते. रॅटल ती इतकी ताणतो की एकदा आमचा मांजर कपाटाखाली गेला तो जेवायलाच बाहेर आला. ही सिंफनी लहानपणी लिव्हरपूलला ऐकून या माणसाने कंडक्टर व्हायचं ठरवलं. ते ऐकताना कळतं, एकही पान त्याने सहज उलटलेलं नाही. मला मधूनमधून तीच गोष्ट जड होते. इतकं नीट सजवलेलं ताट की जेवायला हात लावावासा वाटत नाही.

गिल्बर्ट कॅप्लनबद्दल माझं मत मऊ आहे आणि ते तसंच राहणार. हा न्यूयॉर्कचा धंदेवाईक माणूस, पैशाअडक्याचं मासिक काढणारा. १९६५ मध्ये स्टोकोव्हस्कीने केलेली ही सिंफनी ऐकून झपाटला. चाळिशीत कंडक्टिंग शिकला, फक्त या एका सिंफनीसाठी. १९८२ मध्ये ऑर्केस्ट्रा भाड्याने घेऊन ती केली. माहलरच्या हातचं मूळ हस्तलिखित विकत घेतलं. १९८७ मध्ये लंडन सिंफनी ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्ड केली आणि तिच्या लाखाच्या वर प्रती खपल्या. २००२ मध्ये तर व्हिएन्ना फिलहार्मोनिकबरोबर पुन्हा केली. आमच्यासारख्या हौशी लोकांना हे ऐकून छाती फुगवाविशी वाटते. लंडनचं रेकॉर्डिंग बरंच चांगलं आहे. लिहिलंय ते सगळं जागच्या जागी. स्टेजबाहेरचे ट्रम्पेट खरंच बाहेर आहेत. कोरस छान. पण एकाच स्तोत्रावर प्रेम करणाऱ्या माणसाचं जे होतं ते इथे होतं, चूक होऊ नये याची त्याला इतकी काळजी की वाकडं पाऊल कुठे पडतच नाही, आणि ही सिंफनी वाकडी पावलं मागते.

ओस्कार फ्रीडचं स्वतःचं रेकॉर्डिंगही आहे, १९२४च्या आसपासचं, मायक्रोफोन यायच्या आधीचं. सगळ्यांनी भोंग्यासमोर दाटीवाटीने उभं राहून गायचं. तीन 'पी'चा प्रश्नच मिटला, हळू गायलं तर मेणावर काही उमटणारच नाही. कुतूहल म्हणून दहा मिनिटं ऐका. खरखरीच्या पलीकडून कोरस येतो तो पावसात पत्र्याच्या छपराखाली गाणाऱ्या माणसांसारखा. पण ज्याच्या तालमीला माहलर स्वतः बसला होता त्या माणसाचा हात आहे तो.

बघायची असेल तर दुसऱ्या बेसवाल्याची, अब्बादोची. स्वित्झर्लंडमधलं लुत्सर्न, ऑगस्ट २००३, व्हिडिओ मिळतो. तीनेक वर्षांपूर्वी पोटाच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेलं, अंगावर कोट लोंबतोय, आणि चेहरा लहान मुलासारखा. ऑर्केस्ट्रात नावाजलेले एकेकटे वाजवणारे लोक नुसते आपली जागा मिळावी म्हणून बसलेत. कोरस स्पेनमधल्या सान सेबास्तियानचा, ओर्फेओन दोनोस्तियारा, १८९७ मध्ये सुरू झालेला, आणि हौशी! आमच्यासारखे, दिवसा नोकऱ्या करणारे. ते जे गातात ते ऐकून मी पुढच्या प्रॅक्टिसला पंधरा मिनिटं लवकर गेलो. मेहताच्या कोरसमध्ये बेस जास्त खोल आहेत, पण 'आ' यांचा सगळ्यात हळू. नुसतं ऐकण्यापेक्षा हे बघण्यात मजा आहे, त्या क्षणाआधीचे त्यांचे चेहरे बघा.

ॲपवर ऐकणाऱ्यांसाठी एक गोष्ट. पहिल्या भागानंतर निदान पाच मिनिटं थांबा असं माहलरने लिहून ठेवलंय. पहिला भाग म्हणजे मयत, आणि ॲप दोन सेकंदही न थांबता त्याच्या मागोमाग वरात काढतं. तेव्हा पहिला भाग संपला की हाताने बंद करा, उठा, पाणी प्या. आणि फुकटातलं ॲप असेल तर ही सिंफनी त्यावर लावूच नका. माझ्या एका भाच्याच्या फोनवर ट्रम्पेट आणि कोरसच्या मधल्या शांततेत गृहकर्जाची जाहिरात वाजली होती.

राहता राहिली ट्रेन. मी पोराला मेहता सांगितलं ते घरासाठी, रात्री, दिवा बंद करून. लोकलमध्ये मेहता, रॅटल, अब्बादो तिघेही फुकट जातात, हळू जागा पंख्याच्या आवाजातच संपतात. तिथे क्लेम्परर. संध्याकाळच्या विरार फास्टला चर्चगेट सुटताना मी बटण दाबतो. बोरिवलीपर्यंत अंगावर माणसं असतात, तिथे तिसऱ्या भागाची कुरकुर शोभून दिसते. भाईंदरला जरा श्वास घ्यायला जागा होते. गाडी वेळेवर असेल तर स्टेजबाहेरचे ट्रम्पेट सुरू होतात तेव्हा गाडी खाडीच्या पुलावर चढते आणि पाच मिनिटं पुलाच्या धडधडीशिवाय काही ऐकू येत नाही. नायगावला रूळ शांत होतात, दारातून मिठागरांचा वारा येतो, आणि पिट्झचा कोरस तोंड उघडतो. वसई येईपर्यंत श्वार्ट्सकॉफ वर पोचलेली असते. उरलेलं मी रिक्षाच्या रांगेत ऐकतो.

बर्नस्टाईन लावला तर कोरस ऐकायला विरारपर्यंत जावं लागतं. एकदा गेलोय.